बिटर वेल्सची लावरी

बिटर वेल्स, कॅलिफोर्निया
१२ मार्च १९७२

प्रिय ओलेटा,

तुझ्या भावाला तूच काय ते समजाव. माझ्या सांगण्याचा त्याच्यावर आता काही परिणाम होत नाही. पूर्वी तरी होत होता का, हा वेगळा विषय आहे, त्यावर आपण ख्रिसमसच्या फोनवर बोलू.

नवा महामार्ग सप्टेंबरात सुरू होणार हे नक्की झालंय. गावाच्या दक्षिणेला, तीन मैलांवरून जाणार. म्हणजे आपल्या खानावळीसमोरच्या रस्त्यावर उद्या कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. लोक तिकडून सुसाट निघून जातील आणि मी इथं खिमा-राजम्याच्या चिलीचं पातेलं ढवळत वाळूकडे बघत बसेन. नव्या रस्त्यावरून उतरायच्या वळणापाशी माझ्या जेस्परकाकाची पडीक जमीन आहे. तो म्हणतो, "घेऊन टाक निवा, मला तिथं सापांशिवाय काही पिकत नाही." तिथं पत्र्याची शेड टाकून खानावळ हलवता येईल. शेगड्या, टेबलं, खुर्च्या, सगळं एका ट्रकमध्ये मावतं. माझी तयारी आहे.

पण त्या शेडपाशी थांबणार कोण? लोक माझ्या चिलीसाठी थांबत नाहीत गं, मला काही भ्रम नाही. ते थांबतात तुझ्या बाबांची ती तीस फुटी सिमेंटची लावरी बघायला, तिच्या शेंडीखाली फोटो काढायला, तिच्या मागच्या पिल्लांवर पोरं बसवायला. मग ऊन लागतं, मग तहान लागते, मग कुठं चिली आठवते. लावरी बरोबर आली नाही तर आमचं दुकान बंद. मग बेकर्सफील्डला जाऊन कुणाच्यातरी दुकानात नोकरी करायची. आणि तुझ्या भावाला, वुडीला, कुणी नोकरीवर ठेवलं, तर गिऱ्हाइकाला गोष्टी सांगता सांगता तो दुकान बुडवेल.

म्हणून मी म्हटलं, लावरीच उचलून वळणापाशी नेऊ. बार्स्टोला स्किनर म्हणून एक आहे, तो अख्खी घरं चाकांवर चढवून हलवतो. तर तुझा भाऊ काय म्हणाला ऐक. "बाबा वाळवंटात मरायला टेकले होते. लावरी पिल्लं घेऊन पुढं चालली, बाबा तिच्यामागं रांगत आले, आणि जिथं पाणी लागलं तिथंच त्यांनी ही उभी केली. ती जागा सोडली तर ही लावरी नाही, सिमेंटचा ढिगारा आहे." एवढं बोलला आणि तिच्या सावलीत खुर्ची टाकून बसला. तेव्हापासून तिथंच आहे. जेवायला तेवढा येतो.

तू मोठी बहीण. लिही त्याला चार शब्द.

तुझी,
निवा

•

डुलूथ, मिनेसोटा
२७ मार्च १९७२

प्रिय निवा,

इथं अजून कमरेएवढा बर्फ आहे आणि तू मला उन्हाच्या तक्रारी लिहितेस, हा निव्वळ छळ आहे. आयनारनं तुझं पत्र वाचलं आणि विचारलं, "तुझ्या माहेरी सगळेच असे आहेत का?" मी म्हटलं, नाही, जी शहाणी माणसं आहेत ती तिथं लग्न करून आलेली आहेत.

वुडीला मी लिहिणार नाही. तो रांगत होता तेव्हापासून मी त्याला सांगतेय आणि तो नेमकं उलटं करतोय. मी "हलव" म्हटलं की तो लावरीला साखळीनं बांधून घेईल. तुम्ही नवराबायकोनं मिळून ठरवा.

आणि त्या पाण्याच्या गोष्टीत मला ओढू नको. त्याबाबत मी आईला शब्द दिलाय. वुडी म्हणतोय तिथंच ठेवायची, तर ठेवा. नाहीतर हलवा. ती काय पहिल्यांदाच हलणार आहे का. जाऊ दे. मासे करपायला लागलेत, पत्र पुरं करते.

तुझी,
ओलेटा

•

बिटर वेल्स
९ एप्रिल १९७२

ओलेटा,

पत्रात कुणी "जाऊ दे" लिहितं का? पेन तुझ्या हातात होतं! खोडायचं होतंस! म्हणे पहिल्यांदाच हलणार आहे का. म्हणजे काय? आधी कधी हलली होती? तुझे मासे करपले असतील तर आयनारला पाव खायला घाल आणि मला नीट सगळं लिही.

इकडं काय चाललंय तेही ऐक. परवा रस्त्याच्या हापिसातला एक तरुण इंजिनिअर आला होता. नकाशा देऊन जाणार होता बिचारा. वुडीनं त्याला खुर्चीत बसवला आणि गोष्ट सुरू केली. मी लग्न होऊन आले तेव्हा बाबा एक दिवस वाळवंटात हरवले होते. लावरी बघायला येणाऱ्या लोकांना सांगता सांगता ते दोन दिवस झाले. परवा चार झाले. जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांपुढं अंधार, वर गिधाडं, आणि तेवढ्यात झुडपातून ती आली, मागं पिल्लांची रांग. दर दहा पावलांनी थांबून ती मागं वळून बघायची म्हणे, म्हातारा येतोय की नाही. इंजिनिअरनं टोपी काढून छातीशी धरली. खरंच सांगते, डोळे पुसत होता. जाताना मला म्हणाला, "बाई, माझ्या हातात असतं तर रस्ताच इकडून नेला असता."

त्याच्या हातात नाही ना! माझ्याही नाही. वुडीचा त्या गोष्टीवर इतका विश्वास आहे की मी काही बोलले तर मीच चर्चमध्ये शिव्या दिल्यासारखी दिसते. तुला जे माहीत आहे ते सांग. सासूबाई स्वर्गात आहेत, त्यांना एवढ्या लांबून तुझं अक्षर वाचता येणार नाही.

निवा

•

डुलूथ
२३ एप्रिल १९७२

प्रिय निवा,

आईचं जाऊ दे, माझंच मन मला खातं. पण तुझं दुकान बंद पडण्यापेक्षा हे बरं. वाच, आणि वाचून पोटात ठेव. वुडीला यातलं अक्षर सांगायचं नाही. त्याचा जीव आहे त्या गोष्टीत.

ती लावरी नव्हती. कोंबडी होती.

बाबा ओक्लाहोमातून धुळीच्या वादळांनी हाकलले गेलेले, आई आणि मी ट्रकमध्ये, बिटर वेल्सला ट्रकनं मान टाकली म्हणून तिथं राहिलो. बाबांनी पेट्रोलपंपाशेजारी तळलेल्या कोंबडीचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक येईना. तेव्हा त्यांनी ठरवलं, मैलावरून दिसेल अशी कोंबडी बांधायची. बंद पडलेल्या खाणीतले जुने रूळ आणले, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, त्यावर सिमेंट. आता तू तिथलं ऊन जाणतेस. जुलै महिना. बाबा मान घडवायला वर चढले तोवर सिमेंट बादलीत दगड झालं होतं. मान जेमतेम वीतभर झाली. पोट मात्र घडवता घडवता वाढतच गेलं, कारण बाबांना थांबावं कुठं हे कधी कळलं नाही. शिडीवरून उतरून लांब जाऊन बघितलं तर कोंबडी सोडून सगळं काही दिसत होतं. पहिला ट्रकवाला थांबला आणि त्यानं विचारलं, "दादा, बटाट्याला चोच कशाला लावलीत?"

बाबा दोन दिवस शिडीकडं फिरकले नाहीत. मग आईनं ट्रकचा वाकडा झालेला मडगार्ड काढला, शिडीवर चढली आणि तारांनी तो कोंबडीच्या डोक्यावर बांधला, पुढं झुकलेला, शेंडीसारखा. खाली उतरून हात झटकत म्हणाली, "लावरी म्हण. गोल, बिनमानेची, शेंडीवाली. संपलं." आणि निवा, खरंच ती लावरी दिसायला लागली!

आता कोंबडी विकणाऱ्याच्या दारात लावरी कशाला, असं लोक विचारणारच. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही हे बाबांच्या स्वभावातच नव्हतं. एकदा एका गिऱ्हाइकाला त्यांनी ती वाळवंटातली लोणकढी थाप मारली. तो माणूस दोन प्लेट जास्त जेवला आणि पुढच्या गावात जाऊन सांगत सुटला. मग काय! तिथली विहीर रेल्वेवाल्यांनी खणलेली आहे गं. पाणी इतकं कडू की जिवंत लावरी तिच्या आसपास दिसत नाही. पण गोष्टीत पिल्लं होती आणि दारात नव्हती, म्हणून लोक विचारायला लागले. मला तेव्हा गोवर झाला होता. बाबांनी एक पिल्लू केलं, माझ्या पायाचा ठसा त्याच्या पाठीवर घेतला आणि म्हणाले, "हे तुझं." मग वुडीचं झालं. मग शेजाऱ्यांनी त्यांचं पोर आणलं. गावात जन्मलेल्या प्रत्येक पोराचं पहिल्या वाढदिवसाला एक पिल्लू, ही चाल अशी पडली. तुमच्या मुलींची पिल्लं त्याच रांगेत आहेत.

आणि हो, ती हलली आहे. १९३९ साली जुना रस्ता रुंद केला तेव्हा बाबांनी तिला ओंडक्यांवर घालून खेचरांनी ओढत नेली. वाटेत तिचं मुंडकं पडलं. वुडी तेव्हा आईच्या कडेवर अंगठा चोखत होता.

आता गप्प राहा.

ओलेटा

•

बिटर वेल्स
२ जून १९७२

ओलेटा,

मी सांगून टाकलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीत असताना तू मला सांगितलंस, म्हणजे अर्धा दोष तुझा.

महिनाभर मी ओठ घट्ट आवळून होते. वुडी गोष्ट सांगायला लागला की भांडी आपटायचे, म्हणजे मला ऐकू येणार नाही. काल तो म्हणाला, "निवा, ही जागा पवित्र आहे," आणि माझ्या हातात नेमकं पीठ होतं. मी ते ओट्यावर आपटलं आणि म्हटलं, "कोंबडी आहे ती, वुडी! कोंबडी! तुझ्या आईनं मडगार्ड बांधलाय तिच्या डोक्यावर!"

त्यानं माझ्याकडे बघितलं, हॅट घातली आणि गेला. लांब नाही गेला, लावरीच्या पोटात गेला, ती मागची झडप आहे ना तिथून. संध्याकाळी जेवायलाही आला नाही. आज सकाळी मी पॅनकेक झडपेतून आत सरकवले. बशी रिकामी परत आली.

मी त्याचं काळीज मोडलं गं. दुकान गेलं तर गेलं, बेकर्सफील्ड तर बेकर्सफील्ड. पण हे मी काय करून बसले! तू लिही त्याला, ओलेटा. हात जोडते.

निवा

•

बिटर वेल्स
१४ जून १९७२

ओलेटा,

निवा रडतेय म्हणून लिहितो. मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे.

मला ठाऊक होतं. चौदा वर्षांचा होतो तेव्हा बाबांनी गिलावा करायला वर चढवलं. मडगार्डखाली कोंबडीचा तुरा लागला, चांगला कोरून काढलेला. खाली येऊन विचारलं तर बाबा हसून हसून खाली बसले. म्हणाले, "गिऱ्हाईक जेवणाचे पैसे देतं. गोष्ट आपण वर घालतो." तेव्हापासून मीही घालतो.

मग हटून का बसलो, ते सांगतो. निवाला सांगू नको. म्हणजे सांगशीलच.

मी आत शिरून पाहिलं. रूळ गंजलेत. मान हातानं हलते. हिला उचलली की ती मोडणार असं मला वाटतं. बाबांनी उभी केली, इतकी वर्षं टिकली, आणि माझ्या हातून तिचे तुकडे झाले, असं व्हायला नको. ती जागेवर राहिली आणि आमचं दुकान बुडालं तर निदान तिला तरी काही झालं नाही असं म्हणता येईल. म्हणून ते पवित्र जागेचं काढलं. त्यावर कुणी वाद घालत नाही.

निवाला हे तोंडानं सांगायला गेलो तर शब्द सापडत नाहीत. मला गोष्टीच सांगता येतात.

वुडी

•

डुलूथ
२५ जून १९७२

गाढवा,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग रडले, आणि आयनार घाबरून डॉक्टरला फोन करायला निघाला.

१९३९ साली तिचं मुंडकं पडलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मोठ्ठा आवाज झाला, धूळ उडाली, खेचरं बुजली. अख्खं गाव बाबांच्या तोंडाकडे बघत उभं. आईनं अ‍ॅप्रन तोंडावर ओढून घेतला, तिला वाटलं आता हा माणूस रडणार. बाबा चालत गेले, त्या मुंडक्यावर बसले, खिशातून उकडलेलं अंडं काढलं, सावकाश सोललं, खाल्लं. मग म्हणाले, "बरं झालं. मान नाहीतरी चुकलीच होती." आणि तिथंच सिमेंट कालवायला घेतलं. घाईत जरा डावीकडं तिरकं बसलं ते. तू लोकांना सांगतोस ना, ती मागचं पिल्लू येतंय का बघते म्हणून? ती कुठंही बघत नाही, वुडी. बाबांचा ओळंबा सापडत नव्हता.

बाबांनी तुला जपून ठेवायची वस्तू दिली नाहीये. त्यांनी तुला एक बिघडलेली कोंबडी दिलीय, ती पुन्हा पुन्हा सावरायला. मोडली तर मोडू दे, पुन्हा लिंप. पण त्या रिकाम्या रस्त्यावर एकटी उभी करून येऊ नकोस. बाबांना ते सहन झालं नसतं, त्यांना गिऱ्हाईक लागायचं.

आणि हे सगळं निवाला सांग. शब्द सापडत नसतील तर हे पत्रच तिच्या हातात दे. ती तुझं काळीज मोडलं म्हणून झुरतेय, मूर्खा, आणि तू आत बसून पॅनकेक खातोयस.

तुझी,
ओलेटा

•

बिटर वेल्स, नव्या वळणापाशी
१७ सप्टेंबर १९७२

प्रिय ओलेटा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण उसंत नव्हती. आता उसंतच उसंत आहे. का ते शेवटी सांगते, आधी चांगलं ऐक.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी वुडी लावरीच्या पोटातून बाहेर आला आणि म्हणाला, "कोंबडी आहे हे मला ठाऊक होतं, स्किनरला बोलव." ऑगस्टच्या शेवटी स्किनर आला. लोखंडी तुळया, जॅक, चाकांची गाडी. लावरीच्या मानेला आम्ही घरातल्या सगळ्या गाद्या गुंडाळून दोरांनी बांधल्या. गालगुंड झाल्यासारखी दिसत होती! आणि पिल्लं, ओलेटा! मला वाटलं होतं ती एका ट्रकमध्ये घालू. पण बातमी कशी पसरली कोण जाणे, पहाटे बघते तर रस्त्यावर गाड्याच गाड्या. गाव सोडून गेलेले सगळे आले होते. फ्रेझरांचा हॉलिस नीडल्सहून, त्या जुळ्या बहिणी थेट सॅक्रामेंटोहून. प्रत्येकानं आपापलं पिल्लू आपापल्या गाडीत घातलं. पेनी फ्रेझर आता चांगली दीडशे पौंडांची आहे, ती आपल्या पिल्लाच्या पाठीवर पाऊल ठेवून बघत होती, मावतंय का. तुझं पिल्लू वुडीनं मांडीवर घेतलं. पँट फाटली, पण कुणाला हात लावू देईना.

पुढं लावरी, मागं आम्ही सगळे, माणसाच्या चालीनं. अर्ध्या वाटेवर एक खड्डा आला आणि कडाडकन आवाज झाला. शेपटी तडकली, वरपासून खालपर्यंत. सगळं थांबलं. स्किनर पांढरा पडला. मला वाटलं, संपलं, आता वुडी इथंच खाली बसतो. तर त्यानं काय करावं? खिशातून उकडलेलं अंडं काढलं आणि सोलून खाल्लं! खिशात अंडं कशाला ठेवलं होतं कुणास ठाऊक. मग म्हणाला, "शेपूट नाहीतरी आखूड होती, आता वाढवू. चला." आणि मला भर रस्त्यात मिठी मारली. मी म्हटलं, उन्हानं वेडा झाला. पण रडले.

लावरी बसवली. शेपूट जोडली. पिल्लांची रांग लावली. नवा पाया पक्का झाला, स्किनर पुढच्या कामाला निघून गेला, वसंतापर्यंत परत यायचा नाही. आणि मग रस्ता सुरू झाला.

आता वाईट ऐक. तुला माहीत आहे, आपली लावरी पूर्वेकडे तोंड करून असायची, वाळवंट ओलांडून तहानलेले लोक यायचे त्यांना सामोरी. आपल्याकडं तिचं तोंड म्हणजे पूर्व, हे कुणी विचारायची गोष्टच नव्हती. इथंही तशीच बसवली. अख्ख्या गावातून एकाच्याही डोक्यात आलं नाही, की नव्या रस्त्यावरून उतरायचं हे वळण फक्त पश्चिमेकडून येणाऱ्यांना आहे. पूर्वेकडून येणाऱ्यांना वळायला मिळतं ते पुढच्या गावाला. नकाशा एप्रिलपासून भिंतीवर टांगलेला होता. आम्ही रोज त्याच्यासमोर कॉफी पीत होतो!

म्हणजे ज्यांना थांबता येत नाही त्यांना लावरी तोंड दाखवते, आणि ज्यांना थांबता येतं त्यांना ढुंगण. नव्यानं जोडलेल्या शेपटीसकट. लोक हॉर्न वाजवतात, हसतात आणि निघून जातात. वुडी कपाळावर हात मारून बसलाय. म्हणतो, वसंतात फोडून फिरवू. पण वसंतापर्यंत आम्ही तग धरू की नाही मला माहीत नाही.

निवा

•

बिटर वेल्स, नव्या वळणापाशी
२२ ऑक्टोबर १९७२

ओलेटा! ओलेटा!

चिली संपली! दुपारीच! आणि मी हे पत्र उभ्यानं लिहितेय, कारण बसायला खुर्ची रिकामी नाही.

आम्ही हातपाय गाळले होते. मी तर बेकर्सफील्डच्या मावसबहिणीला खोलीबद्दल विचारूनही ठेवलं होतं. मग एक दिवस फ्रेझ्नोची एक गाडी थांबली, रेडिएटर तापला म्हणून. बाई, नवरा, मागं पोरांचा कल्ला. बाई पाय मोकळे करायला उतरली, शेवटच्या पिल्लाच्या मागं उभी राहिली, रांगेवरून वर लावरीच्या पाठीकडे बघितलं, आणि तिच्यापलीकडं नुसतं वाळवंट. वुडीला विचारते, "ही सगळ्यांना घेऊन कुठं चाललीय?"

वुडी म्हणाला, "तुम्ही कुठं?"

"अ‍ॅरिझोनाला."

"मग तीही तिकडंच."

ती बाई हसली. मग पोरांना हाका मारल्या आणि सगळ्यांना शेवटच्या पिल्लामागं रांगेत उभं केलं, नवऱ्यालासुद्धा, आणि वुडीला फोटो काढायला लावला. जाताना म्हणाली, "एवढं मोठं वाळवंट बघून मला धडकी भरली होती. आता वाटतं, कुणीतरी पुढं आहे."

तिनं घरी सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला सांगितलं. आता लोक येतात ते थेट शेपटीशी उभे राहतात. वाळवंटात शिरायच्या आधी शेवटच्या पिल्लाच्या डोक्याला हात लावायचा, अशी पद्धतच पडलीय, आम्ही सांगितलेली नाही. परवा एक ट्रकवाला, हा एवढा धिप्पाड, हॅट काढून उभा होता रांगेत. मग सगळे आत येतात, पाणी भरून घेतात, चिली खातात.

आणि तुझा भाऊ! गोष्ट बदलली त्यानं! आता तो सांगतो, बाबा शेवटच्या आजारात म्हणाले, "वुडी, रस्ता कधी बदलला तर तिला फिरवू नको. वाळवंटात जाणाऱ्यांच्या पुढं ठेव. मला तिनंच पुढं चालून वाचवलं." मी ओट्यापाशी उभी होते, हातात पीठ होतं. ओलेटा, मी एक शब्द बोलले नाही. मीठ आणायच्या निमित्तानं आत गेले आणि हसले, आणि मग माझेच डोळे भरून आले.

पण एक घोटाळा आहे, तो तुझ्या कानावर घालते. परवा वर्तमानपत्राचा एक माणूस आला होता, चुणचुणीत. त्यानं विचारलं, "तुमचे वडील हे बोलले त्याला साक्षीदार कोण?" वुडी अडखळलाच नाही. म्हणाला, "माझी बहीण. ती त्यांच्या उशाशी बसली होती, त्यांचा हात हातात धरून."

मला माहीत आहे गं, बाबा गेले त्या वेळी तू मिनेसोटात बर्फात अडकली होतीस, गाड्या बंद होत्या, आणि तू पोचलीस तेव्हा सगळं उरकलं होतं. ते तुझ्या मनातून गेलेलं नाही, हेही मला माहीत आहे. मी वुडीला आत ओढून म्हटलं, असं कसं बोललास, ओलेटाला काय वाटेल? तर म्हणाला, "माझ्या गोष्टीत ती वेळेवर पोचते."

तो वर्तमानपत्रवाला तुला लिहिणार आहे. मिस्टर लोडर्मिल्क म्हणून. काय उत्तर द्यायचं ते तू ठरव. खरं लिहिलंस तरी मी रागावणार नाही. दुकान कसंही चालेल असं वाटतं. नाही, खोटं कशाला बोलू, गोष्टीशिवाय चालणार नाही.

तुझी,
निवा

•

डुलूथ, मिनेसोटा
६ नोव्हेंबर १९७२

मिस्टर लोडर्मिल्क यांस,

आपलं पत्र मिळालं. आपण बिटर वेल्सच्या लावरीविषयी विचारलंत आणि माझ्या भावाची हकिगत खरी की खोटी, हे स्पष्ट शब्दांत कळवायला सांगितलंत.

होय. मी तिथं होते. बर्फ पडत होता, पण गाड्या चालू होत्या, आणि मी वेळेवर पोचले. बाबांच्या उशाशी बसले होते. माझा भाऊ पायांशी होता आणि माझी वहिनी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होती. बाबांचा हात माझ्या हातात होता. सिमेंटनं खरखरीत झालेला होता. ते अगदी शुद्धीवर होते. मला म्हणाले, "आलीस? बरं झालं." मग लावरीबद्दल बोलले, आणि ते शब्द माझ्या भावानं आपल्याला सांगितले तसेच्या तसे आहेत. फक्त एक वाक्य तो विसरला, ते मी भरून देते. बाबा म्हणाले, "शेवटच्या पिल्लामागं थोडी जागा मोकळी सोडा, कुणी ना कुणी उशिरा येतंच."

हे आपण खुशाल छापा. यावर कुणी शंका घेतली तर त्याला माझ्याकडे पाठवा.

आपली,
ओलेटा टॅकेट हॅल्वर्सन